उबुंटूचे फ्लेवर: एकाच रेपॉझिटरीवर चालणारे डेस्कटॉप

उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम; कुबुंटू, झुबुंटू हे तिचे फ्लेवर, म्हणजे वेगळा डेस्कटॉप घेऊन येणारे अधिकृत प्रकार. कुबुंटू बसवलेल्या संगणकावर सिस्टिमची ओळख सांगणारी ‘ओएस-रिलीज’ ही फाईल उघडली, तर नावाच्या ओळीत कुबुंटू कुठेच दिसत नाही; तिथे फक्त ‘उबुंटू’ असते. झुबुंटूतही तेच. नवीन वापरकर्ते या सगळ्यांना वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम समजतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये ग्नोम हा डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या, मेनू वगैरेंची मांडणी) घेऊन आली. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी पुढच्याच एप्रिलमध्ये कुबुंटू आले, २००६ मध्ये एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपचे झुबुंटू.

खरा घोळ शब्दांचा आहे. फ्लेवर, रिमिक्स आणि डेरिव्हेटिव्ह हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. फ्लेवरची रेपॉझिटरी, म्हणजे जिथून सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरवली जातात तो साठा, उबुंटूचीच असते. कर्नल (सिस्टिमचा गाभा) तोच, सुरक्षा अपडेट त्याच वाटेने येणारे. फरक पडतो तो आयएसओमध्ये (सिस्टिम बसवण्यासाठीच्या फाईलमध्ये) आधीपासून कोणती पॅकेजेस भरली आहेत यात. म्हणून तर साध्या उबुंटूवर ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ हे एक पॅकेज टाकले की केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप येतो. इन्स्टॉल होताना लॉगिनचा पडदा कोणता ठेवायचा हे विचारले जाते आणि नंतर मेनूत दोन-दोन फाईल मॅनेजर दिसू लागतात. लिनक्स मिंटचे तसे नाही. त्याची मुख्य आवृत्ती उबुंटूच्या पॅकेजेसवर उभी असली तरी तिला स्वतःची रेपॉझिटरी जोडलेली आहे आणि निर्णयही तिचे स्वतःचे आहेत, ते डेरिव्हेटिव्ह. रिमिक्स म्हणजे अजून अधिकृत मान्यता न मिळालेला, नाव वापरण्यापुरती मुभा असलेला प्रकल्प.

मान्यतेबरोबर पैसा येतोच असे नाही. २०१२ मध्ये उबुंटूमागच्या मूळ कंपनीने, कॅनॉनिकलने, कुबुंटूचा खर्च उचलणे थांबवले, तरी ते फ्लेवर राहिले. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला उबुंटूवर पाच वर्षे आधार मिळतो, फ्लेवरच्या डेस्कटॉपला साधारण तीनच. फ्लेवर संपल्याचे, म्हणजे उलट दिशेचेही उदाहरण आहे. २०११ मध्ये मुख्य उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप स्वीकारल्यावर ग्नोमवाल्यांना १३.०४ (एप्रिल २०१३ ची आवृत्ती) पासून स्वतंत्र फ्लेवर चालवावा लागला, १७.१० मध्ये उबुंटू ग्नोमकडे परतले आणि तो फ्लेवर मुख्य आवृत्तीत विरून गेला.

फ्लेवर किती स्वतंत्र, याचा कस लागला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. काही फ्लेवर आपल्या आयएसओमध्ये फ्लॅटपॅक, हे सॉफ्टवेअर बसवण्याचे उबुंटूबाहेरचे साधन, आधीपासून देत होते. २३.०४ पासून ते कुणीच द्यायचे नाही, पॅकेजिंगसाठी उबुंटूची नेहमीची डेब पॅकेजेस आणि स्नॅप हा नवा प्रकार एवढेच राहतील, असे जाहीर झाले. फ्लेवर चालवणाऱ्यांची याला संमती होती, हे खरे. कोणताही फ्लेवर घेतला तरी सुरुवातीचा अनुभव सारखा हवा, हा त्यामागचा युक्तिवादही समजण्यासारखा आहे. पण स्नॅपची यंत्रणा मूळ कंपनीचीच आहे आणि स्नॅपचे मुख्य स्टोअरही तीच चालवते. सारखेपणा साधताना वगळले गेले ते नेमके बाहेरचे साधन, हे नजरेआड करता येत नाही. डेस्कटॉप निवडायची मोकळीक असणाऱ्या स्वयंसेवकांना सॉफ्टवेअर कुठल्या वाटेने द्यायचे हे ठरवायची मोकळीक उरली नाही.

याच २३.०४ मध्ये सिनॅमन या डेस्कटॉपचा रिमिक्स अधिकृत फ्लेवर झाला, म्हणजे मान्यता आणि हा नियम त्याच्या वाट्याला एकदमच आले. फ्लॅटपॅक रेपॉझिटरीतून मात्र काढलेले नाही; ज्याला हवे तो आजही ते एका कमांडने बसवू शकतो.