एसटीत आरोपपत्र आलं तर: चौकशी, अपील आणि ‘यूएलपी’ची प्रक्रिया

आरोपपत्र हातात पडलं की बरेच वाहक-चालक पहिली चूक त्याच दिवशी करतात. डेपोतच बसून, कुणीतरी सांगतं म्हणून खुलासा लिहून देतात: “चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफी असावी.” नोकरी वाचेल या आशेने लिहिलेली ही ओळ पुढे चौकशीत कबुली म्हणून वाचली जाते. मग संघटनेचा कितीही जाणता प्रतिनिधी उभा राहिला तरी त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून खुलासा लिहिण्याआधी प्रतिनिधीला गाठा. मुदत कमी वाटली तर कागदपत्रं पाहण्यासाठी लेखी मुदतवाढ मागा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

खरं तर बचाव त्याहीआधी, रस्त्यावरच सुरू होतो. समजा, थांब्यावर एकदम गर्दी चढली. तुम्ही मागून तिकिटं देत पुढे येताय आणि पुढच्या टप्प्याआधी (जिथे भाडं बदलतं ते ठिकाण) तपासणी पथकाने गाडी थांबवली. गाडीत ४७ प्रवासी, तिकिटं ४५. पथकाच्या अहवालावर सही मागितली जाते. सही करा, पण सहीच्या वर तुमच्या अक्षरात लिहा: “तिकीटवाटप सुरू होते, टप्पा पूर्ण झालेला नव्हता, दोन्ही प्रवाशांकडून भाडे घेतलेले नव्हते.” जे खरं असेल तेच लिहा, पण तिथेच लिहा. पिशवीतली रोकड मोजायला सांगा आणि आकडा नोंदवून घ्या. भाडं घेऊन तिकीट दिलं नसेल तर रोकड जास्त भरायला हवी. ती हिशेबाला जुळली, तर अपहाराच्या आरोपाला तिथेच मोठा छेद जातो.

संघटनेची मदत कुणाला मिळते? महाराष्ट्रात याचा आधार म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना (इंग्रजीत ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’, म्हणजेच ‘यूएलपी’) प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या उपक्रमात किमान ३० टक्के सभासद असलेली संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते. खातेनिहाय चौकशीत कर्मचाऱ्याच्या वतीने उभं राहण्याचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेला आहेच, पण मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदासाठी तो आहे. त्यामुळे सभासदत्वाची चालू पावती जपून ठेवा. कंत्राटदाराच्या गाडीवरच्या चालकाची गोष्ट वेगळी. त्याचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो, म्हणून एसटी महामंडळाची शिस्त व आवेदन कार्यपद्धती (कारवाई आणि अपिलाचे नियम) त्याला आपोआप लागू होत नाही. मुंबईच्या बेस्टमध्येही वाट थोडी निराळी आहे. तिथे १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली आधी व्यवस्थापनाला ‘अप्रोच लेटर’ (आपली तक्रार मांडणारं पत्र) द्यावं लागतं.

निलंबन झालं तर निर्वाह भत्ता मागा. कायद्यातला किमान दर पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आहे. त्यानंतरही चौकशी रेंगाळली आणि उशीर तुमच्यामुळे नसेल, तर ७५ टक्के.

चौकशीत प्रतिनिधीचं खरं काम उलटतपासणीचं. तपासणीस साक्षीला आला की वेळ, ठिकाण, टप्पा, रोकड आणि प्रवाशांचे जबाब याबद्दल एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर कार्यवाहीत शब्दशः उतरवून घ्यायचं. इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: फक्त “प्रवाशांचे जबाब घेतले नाहीत” यावर विसंबू नका. हरियाणातल्या एका बस वाहकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं आहे की खातेनिहाय चौकशीत पुराव्याचे काटेकोर नियम लागू नाहीत आणि प्रवाशांचे जबाब नसले म्हणून चौकशी रद्द होत नाही. “रक्कम किरकोळ होती” हा बचावही एकटा टिकत नाही. अपहार सिद्ध झाला तर रक्कम लहान असूनही बडतर्फी कायम ठेवणारे निकाल आहेत. म्हणून भर द्यायचा तो हेतूवर, गर्दीवर, रोकडीवर आणि मागच्या सेवेवर. कार्यवाहीच्या प्रत्येक पानावर सही करण्याआधी पान वाचा. कागदपत्रं दाखवली नाहीत, साक्षीदार बोलावू दिला नाही, तर ती हरकत त्याच दिवशी लिहून द्या. सहा महिन्यांनी कोर्टात आठवून उपयोग होत नाही.

चौकशी संपली की अहवालाची प्रत मिळायलाच हवी. शिक्षा ठरवण्याआधी अहवाल देऊन म्हणणं मांडू दिलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यानंतर बडतर्फीची कारणे दाखवा नोटीस येते. अनेकांना वाटतं की आता आदेश हातात येईपर्यंत थांबायचं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार बडतर्फी प्रस्तावित असतानाच कामगार न्यायालयात ‘यूएलपी’ तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. मात्र या टप्प्यावर न्यायालय हात राखूनच आदेश देतं, त्यामुळे चौकशीतल्या त्रुटी कागदावर दाखवता आल्या पाहिजेत.

तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय माफी देऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. खात्यातलं अपील जरूर करा, मात्र त्याच्या निकालाची वाट पाहत हे ९० दिवस घालवू नका. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात जाते. आकसाने केलेली बदली किंवा कराराचा भंग असेल तर ती औद्योगिक न्यायालयात. तक्रार संघटना करू शकते, तसा कर्मचारी स्वतःही करू शकतो. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीखाली आकसाने बडतर्फी, नैसर्गिक न्याय डावलून केलेली चौकशी, गैरहजेरीचा रचलेला आरोप आणि किरकोळ किंवा तांत्रिक चुकीला धक्कादायक शिक्षा, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपलं प्रकरण यातल्या नेमक्या कोणत्या पोटकलमात बसतं, ते तक्रारीत नाव घेऊन लिहा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. राज्याचा १९७१ चा कायदा मात्र संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. समेट अधिकाऱ्याकडे (वाद तडजोडीने मिटवणारा सरकारी अधिकारी) जायचं असेल तर संहितेत २ वर्षांची मर्यादा आहे.

फाइलमध्ये आरोपपत्र, खुलाशाची पोच असलेली प्रत, तपासणी अहवाल, त्या फेरीचं वे-बिल (तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब), चौकशीची पूर्ण कार्यवाही, अहवाल, नोटिसा, बडतर्फीचा आदेश, अपिलाच्या प्रती, नेमणूक पत्र, शेवटची वेतनचिठ्ठी आणि संघटनेची पावती हवी. चालकाचं अपघाताचं प्रकरण असेल तर घटनास्थळाचा पंचनामा आणि गाडीचा यांत्रिक तपासणी अहवालही लावा. ब्रेकची तक्रार आधी नोंदवली असेल तर त्या नोंदीची प्रत सोन्यासारखी.

तक्रारीत एक वाक्य हमखास राहून जातं: “बडतर्फीनंतर मी कोठेही तेवढ्या पगाराच्या नोकरीत नाही.” बडतर्फी बेकायदेशीर ठरली तर मागील वेतनासह पुनर्स्थापना हा सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं. पण आपण बेकार होतो, हे आधी कामगाराने सांगावं लागतं. वस्तुस्थिती तशी असेल तर ते वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात, दोन्हीकडे घाला.