वर्णनाची सराववही कशी वापरायची

ही वही कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. डावं पान टिपणांचं, उजवं लेखनाचं. डाव्या पानावर विशेषण लिहायचं नाही, हा एकच कडक नियम.

एखाद्या जागी १५ मिनिटं बसा आणि २० नोंदी करा. नागपुरातलं पहाटेचं कॉटन मार्केट चालेल, संध्याकाळचा फुटाळा तलाव चालेल, तर्री-पोह्यांची गाडी तर उत्तमच. पहिल्या सात-आठ नोंदी कुणालाही सुचतील अशाच येतात: गर्दी, वाफ, गोंगाट. कंटाळा आल्यावर नजर कामाला लागते. मग दिसतं की पोहेवाला पळीनं आधी वरचं तेल बाजूला सारतो आणि खालचे चणे उचलतो. गिऱ्हाईक बशी काठाला धरतं, कारण मधोमध चटका बसतो. मोबाइलवर फोटो काढू नका. फोटोत सगळंच येतं, त्यामुळे निवड करायची राहून जाते. आणि चटका तर त्यात येतच नाही.

टिपणं एक दिवस तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी वही न उघडता ज्या नोंदी आठवतील त्यांतल्या तीनच घ्या आणि १२० शब्दांत उजवं पान लिहा.

लिहिण्याआधी ठरवा: पाहतंय कोण, आणि त्याला हवंय काय? मे महिन्यातलं एकच घर घ्या. कूलर दुरुस्त करायला आलेल्याला ताटीतलं कुजकं गवत आणि टाकीच्या तळाला बसलेला क्षार दिसेल. त्याच खोलीत भाडं थकलेला भाडेकरू बसला असेल, तर कूलर बंद होताच त्याला जिन्यावरची पावलं ऐकू येतील. रंगांचंही तेच. साडीच्या दुकानातली बाई ज्याला आमसुली म्हणेल, त्याला दुसरा कुणी नुसतं काळपट म्हणून मोकळा होईल.

आता नेहमीच्या चुका. मराठीत सगळ्यात जास्त नडतं ते ‘होता-होती’. ‘रस्ता सुनसान होता. ऊन कडक होतं. झाडाखाली कुत्रा झोपला होता.’ प्रत्येक वाक्य एकाच ठोक्यावर संपतं आणि चित्र गोठतं. असं करून पाहा: ‘डांबर चपलेला धरून ठेवी. कडुलिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली. तिच्यात मावेल एवढाच कुत्रा.’ क्रियापद बदललं, एका वाक्यातून गाळलं, आणि तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या.

ही सावली उगाच आखूड केलेली नाही. मेच्या अखेरीस नागपुरात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी ‘लांबच लांब सावल्या’ लिहिल्या, की इथला वाचक पुढचं काही खरं मानत नाही.

हिरवागार, पांढराफटक, लालभडक हे जोडशब्द बोलताना गोड लागतात, कागदावर मात्र डोळा त्यांच्यावरून घसरतो. दोन पानांत एक पुरे. वासाच्या बाबतीत उलट कंजुषी दिसते. ‘घाण वास आला’ लिहून लोक थांबतात. खरं तर मराठीत वासाच्या शब्दातच कारण दडलेलं असतं: खवट म्हणजे जुनं तेल, कुबट म्हणजे कोंडलेली ओल, करपट म्हणजे तव्याकडे झालेलं दुर्लक्ष, आंबूस म्हणजे कालचं काहीतरी. नेमका शब्द पडला की वेगळा खुलासा लागत नाही.

पाचही इंद्रियं एका परिच्छेदात कोंबायचा हट्ट नको, दोन पुरतात. हवामानानं सुरुवात केली असेल तर पहिली तीन वाक्यं झाकून वाचा. बहुतेक वेळा गोष्ट चौथ्यापासूनच सुरू होते.

तपासणीसाठी पान देताना डावं पानही सोबत द्या. काय गाळलं हे दिसल्याशिवाय निवडीबद्दल काही सांगता येत नाही. ओळीआड लिहा, ३ सेंटीमीटर समास सोडा. मजकूर ३०० शब्दांपुढे गेला तर पहिले ३००च तपासले जातील.