पार्श्वभूमी : व्हरांडे बुजले, मग जिने अडले

खानदेशातल्या जुन्या सरकारी कचेरीला रॅम्प किंवा दुसरा जिना जोडायचा म्हटले की ‘वास्तूचे रूप बिघडेल’ अशी हरकत येते. रूप बिघडले ते फार आधी, व्हरांड्याच्या कमानी भिंती घालून बुजवल्या तेव्हा.

१८१८ नंतर धुळे खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये जिल्हा दुभागला आणि पूर्व खानदेशाचा कारभार जळगावातून चालू लागला. इंग्रजी अमलातल्या दगडी कचेऱ्यांचा साचा साधारण एकच. उंच जोते, चुन्यातल्या जाड भिंती, पुढे-मागे व्हरांडा. आतून बोळ काढायची गरज नसे. या खोलीतून त्या खोलीत जायचे ते व्हरांड्यातूनच, आणि माडी असेल तर लाकडी जिनाही बहुधा तिथेच. शिवाय मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या या मुलखात मुख्य भिंतीवर ऊन पडू न देणे हे व्हरांड्याचेच काम होते.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा, रेशन, निवडणुका अशी कामे वाढली, दप्तर फुगले. कपाटांना जागा हवी होती आणि व्हरांडा रिकामा दिसत होता. ‘तात्पुरती सोय’ म्हणून एकेक गाळा बंद झाला. ती सोय कायमची झाली. जाण्यायेण्याची वाट बंद पडल्यावर भार पेलणाऱ्या भिंती फोडून दारे काढावी लागली, अंधारे बोळ तयार झाले, आणि जुना जिना कुणाच्या तरी टेबलामागे अडकला. मग बाहेरून काँक्रीटचा जिना चिकटवला गेला. या निर्णयाचे समर्थन जागेच्या टंचाईने होते. टंचाई खरीच होती, पण मार्ग चुकीचा निवडला.

२१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीने बाहेर पडण्याच्या वाटांचा प्रश्न ऐरणीवर आणला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करणे बंधनकारक केले. रॅम्पचा चढ १:१२ हवा. म्हणजे ९० सेंटीमीटर जोत्याला १०.८ मीटर लांबी, वर वळणाची जागा वेगळी. एवढा रॅम्प दर्शनी कमानींसमोर आला तर खटकणारच. बाजूचा व्हरांडा मोकळा केला, तर रॅम्प कडेने घेऊन थेट मूळ वाटेला मिळवता येतो, आणि लाकडी जिनाही पुन्हा वापरात येतो. दप्तराचे संगणकीकरण झाले तरी मूळ कागद जपावेच लागतात. म्हणून आधी अभिलेख कक्षाला दुसरी जागा मिळायला हवी.