एकाच घरात पुन्हा पुन्हा अंगावरून वारं का जातं?

‘आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं, काकाही पन्नाशीतच अंथरुणाला खिळले.’ अशी घरं आपल्या सगळ्यांच्या माहितीत असतात. बहुतेकदा मुळाशी रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू असते. पण १९७६ साली पॅरिसमध्ये डॉ. मारी-जर्मेन बूसेर यांच्याकडे पन्नाशीचा एक रुग्ण आला. पक्षाघात झालेला, रक्तदाब मात्र नाही. पुढे काही वर्षांनी त्याच्या मुलांच्या मेंदूच्या एमआरआयमध्येही त्याच्यासारखेच पांढरे डाग दिसले आणि दुखणं रक्तातूनच येत असल्याचं कळून चुकलं. फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये त्यामागच्या जनुकाची जागा १९व्या गुणसूत्रावर शोधली. १९९६ मध्ये जनुकही सापडलं, ‘नॉच३’. या आजाराला कॅडासिल म्हणतात.

डाग पडतात ते मेंदूच्या श्वेत द्रव्यात. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारे लांब तंतू इथे असतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या खोलवरच्या वाहिन्या अगदी बारीक, आणि एक बंद पडली तर दुसरीकडून रक्त येण्याची सोय जवळजवळ नाही. कालव्याला पाणी कमी झालं की टेलच्या शेतकऱ्याचं पीक आधी करपतं. श्वेत द्रव्य म्हणजे टेलचं शेत.

वाहिनी बिघडते कशी, हे मला फार विलक्षण वाटतं. नॉच३ हे प्रथिन या बारीक वाहिन्यांच्या स्नायुपेशींवर असतं. त्याच्या बाहेरच्या भागात एकासारखे एक असे ३४ तुकडे ओळीने जोडलेले असतात आणि प्रत्येकात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे सहा रेणू. ते जोडीजोडीने एकमेकांत अडकतात, परकराच्या टिचबटणासारखे. तीन जोड्या लागल्या की तुकडा नीट घडी होऊन बसतो. कॅडासिलमध्ये जनुकातल्या एखाद्या अक्षराच्या चुकीने सहाचे पाच होतात किंवा सात. एक बटण एकटं उरतं आणि भलत्याच ठिकाणी अडकतं. अशी प्रथिनं वाहिनीच्या भिंतीत साचत जातात, स्नायुपेशी मरतात, भिंत ताठर होते. गरज पडली तरी वाहिनी रुंदावत नाही.

हे सारं वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. अनेकांना तिशीच्या आसपास अर्धशिशी सुरू होते, तीही डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेघा आणणारी. पक्षाघात पुढे चाळिशी-पन्नाशीत, मग विचारांचा वेग मंदावतो, मन खचतं, चाल बिघडते. एमआरआयमध्ये कानशिलाच्या आत, शंखखंडाच्या टोकाशी पांढरेपणा दिसला की डॉक्टर सावध होतात. निव्वळ रक्तदाबाच्या डागांत ही जागा सहसा सुटते.

आई किंवा वडिलांकडे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याकडे ते येण्याची शक्यता निम्मी. जनुकांच्या जागतिक नोंदी तपासल्या तेव्हा असे बदल दक्षिण आशियाई लोकांत सर्वाधिक, शंभरात सुमारे एकाकडे, आढळले. घाबरू नका. आजार तितका पसरलेला नाही. बदल पहिल्या सहा तुकड्यांत असेल तर त्रास लवकर आणि जास्त होतो; सातव्यापासून पुढे असेल तर तो बराच सौम्य असतो, काहींना उतारवयापर्यंत काहीच जाणवत नाही. धूम्रपान आणि वाढता रक्तदाब मात्र पक्षाघात लवकर ओढवून आणतात.

मूळ दोष दुरुस्त करणारं औषध अजून नाही. म्हणूनच धडधाकट मुलामुलींची चाचणी घाईने करू नये, आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावं. काही जण सगळं ऐकून घेऊन चाचणी न करताच परततात. तो त्यांचा हक्क आहे, आणि घरच्यांनी त्यावरून त्यांच्यामागे लागू नये.