दोलन : प्रकार आणि रोजची उदाहरणे

समतोल स्थितीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालीला दोलन म्हणतात. वस्तू मध्यापासून सरकली की प्रत्यानयन बल तिला परत खेचते, पण मध्यावर पोचल्यावर जडत्व तिला थांबू देत नाही. खेचणारे बल विस्थापनाच्या प्रमाणात असेल, तर दोलन सरल हरात्मक असते. एका पूर्ण दोलनाचा वेळ म्हणजे दोलनकाल, सेकंदातील दोलनांची संख्या म्हणजे वारंवारता आणि मध्यापासूनचे कमाल अंतर म्हणजे आयाम.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कडुनिंबाच्या फांदीला बांधतात तो झोका दोलनाचे बहुतेक प्रकार एकटाच दाखवतो. एकदा मागे ओढून सोडला की ते मुक्त दोलन. फांदीपासून बसणारीच्या गुरुत्वमध्यापर्यंत 4 मीटर अंतर असेल, तर दोलनकाल सुमारे 4 सेकंद येतो. दोघी बसल्या तरी तो जवळपास तेवढाच राहतो, कारण त्यात वजन येत नाही, लांबी येते. उभे राहिल्यास गुरुत्वमध्य वर जातो, लांबी घटते आणि झोका लवकर परततो. झोका उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत गेला, तर दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. तिथे सरल हरात्मक नियम अपुरा पडतो.

हवा आणि फांदीवर घासणारा दोर ऊर्जा खातात, आयाम घटत जातो : हे अवमंदित दोलन. बाहेरून ठरावीक काळाने ढकलत राहिल्यास ते प्रेरित दोलन. धक्का मागच्या टोकाहून झोका परतू लागताच द्यावा. तो अजून मागे येत असतानाच हात लावला, तर ऊर्जा वाढण्याऐवजी कमी होते. दर 4 सेकंदांनी, किंवा एक फेरी सोडून दर 8 सेकंदांनी दिलेला धक्का झोका वाढवतो. दर 3 सेकंदांनी दिलेला नाही. धक्क्यांची लय झोक्याच्या स्वतःच्या लयीशी जुळणे हेच अनुस्पंदन. उभ्याने झोका चढवणारी मुलगी मात्र वेगळेच करते : दोन्ही टोकांना गुडघे वाकवते आणि मध्यावर ताठ होते, म्हणजे एका दोलनात दोनदा. झोक्याची लांबीच अशी लयीत बदलत राहणे हे प्राचलिक दोलन. स्थिर झोक्यावर ते सुरू होत नाही, आधी थोडी हालचाल लागतेच.

अनुस्पंदनाचा त्रास विहिरीवरच्या पंपाला होतो. मिनिटाला 2880 फेरे घेणारी मोटर सेकंदाला 48 हादरे देते. पायाचे बोल्ट सैल झाले, की चौकटीचा ताठपणा कमी होतो, तिची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे मुक्त दोलनाची तिची स्वतःची वारंवारता, खाली येते आणि 48 च्या आसपास आली की कंपन एकदम वाढते. म्हणून पहिला उपाय बोल्ट आवळणे. रबरी पॅडही चालतात, पण त्यांवर बसवलेल्या यंत्राची नैसर्गिक वारंवारता 34 च्या खाली हवी. त्याहून कडक पॅड हादरा अडवत नाहीत. डिझेल इंजिन बंद करताना फेरे उतरता उतरता एका टप्प्यावर जोराने हादरते, तेव्हाही त्याच्या बैठकीची नैसर्गिक वारंवारता ओलांडली जात असते.

मोटारसायकलच्या शॉकअबमध्ये मात्र अवमंदन मुद्दाम ठेवलेले असते. सीट दाबून सोडावी : गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, पुन्हा पुन्हा खालीवर झाली तर तेल गळलेले असण्याची शक्यता आहे.

विजेचेही दोलन असते. पुरवठ्यातील प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो. डीपीचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा सूक्ष्म ताणला जातो, म्हणून तिच्या गुणगुणण्याची मूळ वारंवारता 100 असते.