झिलई, जुन्या आलिशान मोटारीची

वयोमानाने महागड्या मोटारीच्या अंगावर दिसू लागलेली झीज मालकाने घरच्या घरी, बेताच्या हत्यारांनी भरून काढणे. निस्तेज पडलेला रंग, बारीक चरे, भेगाळलेले कातडे, विटलेले लाकूड आणि डागाळलेला क्रोम ही या झिजेची नेहमीची रूपे होत. इंजिनाची दुरुस्ती, पत्र्याची ठोकठाक आणि गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे ही कामे यात मोडत नाहीत. ‘झिलई’ (जुन्या लेखनात ‘जिल्हई’) हा शब्द बहुधा चकाकी या अर्थाच्या अरबी ‘जिला’ या शब्दापासून आला असावा. गॅरेजच्या बोलीत मात्र रबिंग, पॉलिश, टचअप हे शब्द रूढ असून, रंगाच्या फवाऱ्याच्या कामाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. हा शेवटचा शब्द केवळ एका व्यापारी नावाचा अवशेष नाही. मोटार घासून चमकवायची सवय मुळात कोणत्या रंगामुळे लागली, हे तो सांगतो, म्हणून त्याचा इतिहास येथे थोडा विस्ताराने दिला आहे.

ड्युको व रबिंगचा उगम : १९२० च्या आधीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणे तेलयुक्त व्हार्निशाचे अनेक हात देत. प्रत्येक हात वाळायला दिवस लागत आणि एक गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे जात. ड्यू पाँ या अमेरिकन रसायन कंपनीने १९२३ च्या सुमारास बाजारात आणलेल्या ड्युको या सेल्युलोज नायट्रेटयुक्त लॅकरने (विद्रावक उडून गेल्याने झटपट वाळणाऱ्या रंगाने) हा काळ काही तासांवर आणला. जनरल मोटर्सच्या ओकलंड या मोटारीच्या १९२४ च्या निळ्या प्रतिमानावर तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, याविषयी एकमत आहे. तो सापडला कसा, याविषयी मात्र दोन कथा आहेत.

ड्यू पाँच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार न्यू जर्सीतील पार्लिन येथे कंपनीचा चित्रपट-फितीचा कारखाना होता. तेथे १९२० च्या उन्हाळ्यात (काहींच्या मते ४ जुलैच्या सुट्टीच्या आसपास) सेल्युलोज नायट्रेटाच्या दाट विद्रावाचे एक पिंप उष्म्यात तसेच राहून गेले. काही दिवसांनी उघडले, तेव्हा विद्राव पातळ झाला होता, पण त्यातील घन भाग कमी झाला नव्हता. विद्रावात मिसळलेल्या सोडियम ॲसिटेटाचा हा परिणाम मानतात. पातळ विद्रावात रंगद्रव्य अधिक मावते आणि तो फवारता येतो, हे त्यातले मर्म होय. दुसरी कथा जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्याभोवती फिरते. न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्यांना लॅकर दिलेली एक लहानशी तबकडी दिसली. त्यांनी तिचा रंग बनवणारा शोधून काढला आणि तोच रंग मोटारीला लावण्याचा ध्यास घेतला. तो इतका लवकर वाळे की फवाऱ्यातून पत्र्यावर पोचेपर्यंत सुकून जाई, म्हणून काम ड्यू पाँकडे गेले, असे ही कथा सांगते.

त्या काळी ड्यू पाँकडे जनरल मोटर्सचे भाग (शेअर) मोठ्या प्रमाणात होते. त्यामुळे दोन्ही कथांत श्रेयाची ओढाताण असणे स्वाभाविक आहे. पिंपातील अपघाताने द्रव्य दिले, पण ते पत्र्याला धरून राहावे व उन्हात टिकावे यासाठी पुढे सुमारे दोन-तीन वर्षे दोन्हीकडच्या प्रयोगशाळांना खपावे लागले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हे लॅकर वाळल्यावर मंद दिसे. त्याला चकाकी आणण्यासाठी कारखान्यातच बारीक अपघर्षक (घासून झिजवणारे द्रव्य) लावून ते घासावे लागे. पुढे ऊन-पावसाने ते पुन्हा मंद झाले की मालक तेच घरी करी. रबिंग कंपाउंडाची डबी आणि जुन्या बनियनचे फडके यांची परंपरा येथून सुरू झाली. १९३० च्या दशकापासून अल्किड एनॅमल व १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर आले. त्यानंतर रंगाच्या थरावर वेगळा पारदर्शक थर (क्लिअर कोट) देण्याची पद्धत आली. ती आधी युरोपातील धातुछटेच्या (मेटॅलिक) रंगांवर रुळली आणि १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली, असे सामान्यतः मानतात. रंग बदलला, पण घासण्याची सवय राहिली. आजच्या जुन्या मोटारींचे बरेचसे नुकसान या विसंगतीतून झालेले दिसते.

नमुना मोटार : पुढील विवेचन मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू-१२४ या मालिकेला धरून केले आहे. कंपनीचे मुख्य आकृतिकार (डिझायनर) ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखाली आकारलेली ही मोटार १९८४ च्या अखेरीस आली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्या सुमारे २५ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. मर्सिडीज-बेंझ व टेल्को (आताची टाटा मोटर्स) यांच्या भागीदारीतून १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जुळू लागलेली पहिली मर्सिडीज हीच. त्यामुळे महाराष्ट्रात ती आजही बऱ्यापैकी आढळते. तिच्यावरची द्रव्ये जाड आणि खरी आहेत. लाकूड खरे, क्रोम बऱ्याच ठिकाणी धातूवरचा, रंगही चांगल्या जाडीचा. म्हणूनच तिची झीज घरी भरून काढता येते. छापील लाकडाचा आभास देणारे प्लॅस्टिक असते, तर फेकून नवे लावणे एवढाच मार्ग उरला असता.

रंग : पहिला प्रश्न, वरचा थर कोणता? या मालिकेतील धातुछटेच्या रंगांवर पारदर्शक थर असतो. १९८० च्या दशकातील काळा, पांढरा, लाल असे साधे रंग मात्र बहुधा एकेरी थराचे असतात. आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन चोळावे. फडक्याला मोटारीचा रंग लागला, तर थर एकेरी आहे. असा थर ऑक्सिडीभवनाने पांढुरका होतो आणि लाल रंग गुलाबीकडे झुकतो. वरची मेलेली कातळी निघाली की खालचा रंग तजेलदार निघतो. जुन्या रबिंगची पद्धत याच थराला लागू पडते, अर्थात बेतानेच.

पारदर्शक थराचे गणित वेगळे आहे. कारखान्यातील सर्व थरांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिमी. चा हजारावा भाग) असते. त्यात पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. या थरात जंबुपार (अतिनील) किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात, खालच्या रंगाचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असते. यंत्राने एकदा केलेले सौम्य पॉलिश १ ते ३ मायक्रॉन खाते. जाड कंपाउंड आणि पाण्याचा कागद (वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद) याहून बरेच अधिक खातात. थर ही शिल्लक आहे, दरवेळी ती खर्च होते आणि तिच्यात भर पडत नाही. म्हणून चरा पुरता घालवण्याऐवजी त्याच्या कडा बोथट करून तो डोळ्याला न दिसेसा करणे हे शहाणपणाचे होय. थराची साल निघू लागली असेल, तर पॉलिशने काहीही साधत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. आधी धुणे : एक बादली साबणाची, दुसरी फडके खळबळण्याची. बोअरचे जड पाणी अंगावर वाळू देऊ नये, क्षारांचे गोल डाग उठतात. धुतल्यावरही हाताला खरखर लागते ती लोखंडाच्या कणांची व डांबराची. ती क्ले बार नावाच्या मऊ लगद्याने, साबणपाण्याचा ओलावा ठेवून काढतात. जपानमध्ये रुळलेला हा लगदा १९९० च्या दशकात अमेरिकेमार्गे सगळीकडे पोचला. त्यानंतर कडा आणि बॉनेटच्या उभार रेषा मास्किंग टेपने झाकाव्या, कारण तेथे रंग सर्वांत पातळ असतो आणि तेथेच तो प्रथम जातो. एकाच अक्षावर फिरणाऱ्या बफिंग यंत्रापेक्षा डुलत फिरणारे (ड्युअल ॲक्शन) यंत्र नवशिक्याला सुरक्षित, ते पत्रा सहसा तापू देत नाही. सर्वांत मऊ पॅड व सर्वांत सौम्य पॉलिश एका हातभर जागेवर लावून पाहावे. तेवढ्याने भागले, तर पुढे जाऊच नये.

नख अडकते तो चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा. त्यात मूळ रंग काडीच्या टोकाने, पातळ थर एकावर एक देत भरतात. काही दिवस वाळल्यावर वर आलेला उंचवटा २००० क्रमांकाच्या किंवा त्याहून बारीक ओल्या कागदाने सपाट करतात (या क्रमांकाच्या कागदावरील कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात). रंगाचा तीन अंकी संकेतांक बॉनेटखालील पट्टीवर असतो, उदा., ०४० काळा, ७४४ चंदेरी. हार्डनर (रंग घट्ट करणारे द्रव्य) मिसळावा लागणारा दोन-घटकी रंग घरी फवारू नये. हार्डनरमधील आयसोसायनेटांमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा रुमाल किंवा कापडी मुखपट्टी त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरते.

शेवटी मेण. ईशान्य ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नाउबा मेण ८२° ते ८६° से. ला वितळते, म्हणून ते आपल्या उन्हात टिकते. सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप अधिक टिकतो, पण तो जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा असतो आणि खालचे चरे झाकत नाही. या सगळ्या कष्टांवर पाणी पाडणारी एक सवय मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत सर्रास दिसते : रोज सकाळी धुळीने भरलेली मोटार कोरड्या फडक्याने पुसणे. दिव्याखाली दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे बहुतांशी याच पुसण्याची आहेत. धूळ तशीच राहिली तरी चालेल, कोरडे फडके नको.

कातडे : या काळातील आसनांचे कातडे प्रायः क्रोम-कमावणीचे (क्रोमियमाच्या क्षारांनी कमावलेले) असून त्यावर रंगद्रव्याचा पातळ लेप असतो. आपण ज्याला कातड्याच्या भेगा म्हणतो, त्या अनेकदा या लेपाच्या असतात. भारतात चालक उजवीकडे बसतो व उजवीकडूनच उतरतो, त्यामुळे त्याच्या आसनाची उजवी कड सर्वांत आधी जाते. सौम्य साबणाच्या फेसाने मऊ ब्रशने मळ काढावा. नंतर ८०० ते १००० क्रमांकाच्या कागदाने भेगांच्या कडा हलक्या हाताने मोडाव्या आणि जलविद्राव्य रंग स्पंजाने पाच-सहा पातळ हातांत द्यावा. वर मॅट संरक्षक लेप हवा, नाहीतर रंग कपड्यांना लागतो. खोबरेल तेल चोळण्याचा घरगुती उपाय टाळावा. लेप फुटला असेल तेथे ते शोषले जाऊन काळे डाग पडतात, इतरत्र धूळ धरते आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण मिळते. या मालिकेच्या अनेक मोटारींत कातडे नसून एमबी-टेक्स हे कापडी पाठीचे व्हिनिल असते. त्याला कातड्याची औषधे उपयोगाची नाहीत, साबणपाणी पुरते.

लाकूड : गिअरच्या दांड्याभोवती व डॅशबोर्डवर झेब्रानो (पश्चिम आफ्रिकेतील पट्टेदार लाकूड) किंवा अक्रोडाचा पातळ पापुद्रा असतो. तो मिमी. च्या अंशाएवढाच जाड असल्याने वरचे फुटलेले लॅकर काढताना कागद कधीही रेषांना आडवा चालवू नये. लॅकर विरघळवून काढणे घासण्यापेक्षा बरे. अक्रोडाचे लाकूड इतर बऱ्याच लाकडांच्या उलट उन्हाने फिके होते, म्हणून नवे लॅकर देण्यापूर्वी त्याला थोडी छटा द्यावी लागते. आपल्याकडील सुतारकामातील चपड्याचे (लाखेचे) पॉलिश देखणे असते, तरी मोटारीत चालत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड ७०° से. च्या वर सहज जातो आणि लाख त्याच सुमारास मऊ पडू लागते. जंबुपाररोधी पॉलियुरेथेन लॅकर येथे योग्य होय.

क्रोम, प्लॅस्टिक व काच : सजावटी क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, चकाकीचा मोठा वाटा खालच्या निकेलचा. धातूवरील ठिपके सर्वांत बारीक पोलादी लोकरीने (स्टील वूल) साबणपाण्यात हळुवार निघतात, प्लॅस्टिकवरील क्रोमला ती लावू नये. युरोपीय बनावटीच्या डब्ल्यू-१२४ चे दिवे काचेचे असल्याने ते पिवळे पडत नाहीत. पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा तो विकार नंतरच्या मोटारींचा.

गंज : १९८९ नंतरच्या प्रतींच्या बाजूंवर प्लॅस्टिकचे रुंद पट्टे आहेत. त्यांच्या मागे चिखल साठतो आणि कोकण, गोवा, मुंबईच्या खाऱ्या हवेत तेथील पत्रा आतून जातो. रंगाखाली फुगवटा दिसला की झिलईचे काम थांबवावे. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे म्हणजे गंजाला आसरा देणे होय.

जपणूक की नवेपणा : जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा, स्थापना १९६६) २०१२-१३ च्या सुमारास स्वीकारलेली तुरिन सनद जतन व पुनःस्थापन यांत फरक करते आणि शक्य तेथे मूळ द्रव्य राखण्याकडे झुकते. स्पर्धा-प्रदर्शनांची परंपरा दीर्घकाळ कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या मोटारीसारख्या चकाकीला मान देत आली. घरगुती कामाला सनदेची दृष्टी अधिक जवळची आहे, कारण एकदा घासून गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही. हा महासंघ ३० वर्षांपूर्वीच्या वाहनांना ऐतिहासिक मानतो, म्हणजे पिंपरीच्या पहिल्या मोटारी आता त्या वयाला पोचल्या आहेत. भारतातील व्हिंटेज नोंदणीसाठी (२०२१ चे नियम) मात्र ५० वर्षे लागतात. तोपर्यंत खासगी मोटारीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. मूळ रंग बदलून दुसरा दिल्यास तो बदल प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदवावा लागतो, त्याच रंगाचा टचअप यात येत नाही.