एलआरआयटी : जहाजांचा दूर पल्ल्याचा मागोवा

आंतरराष्ट्रीय सफरीवरील जहाजाची ओळख, त्याचे अक्षांश-रेखांश आणि त्या स्थानाची तारीख-वेळ आपोआप कळवत राहणारी जागतिक व्यवस्था म्हणजे एलआरआयटी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मे २००६ मध्ये ‘सोलास’ या सागरी जीवितसुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणात नियम १९-१ घालून तिची तरतूद केली. १ जानेवारी २००८ रोजी नियम अमलात आला आणि २००९ पासून जहाजे प्रत्यक्ष स्थान कळवू लागली. प्रवासी जहाजे, ३०० किंवा त्याहून अधिक सकल टनभाराची मालवाहू जहाजे आणि समुद्रात हलवता येणारे खोदकाम-मंच यांना तो लागू आहे.

एलआरआयटी आणि एआयएस (जहाजांची स्वयंचलित ओळख प्रणाली) यांची गल्लत नेहमी होते. एआयएस व्हीएचएफ रेडिओवर चालते. चालते जहाज दर काही सेकंदांनी आपले स्थान, वेग आणि दिशा हाकारत असते. जवळपास ज्याच्याकडे ग्राहकयंत्र आहे त्या कोणालाही ते ऐकू येते. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाजाच्या संचालन-कक्षातल्या, पडद्यावर दिसणारे छोटे त्रिकोण ते हेच. टक्कर टाळायला हा उघडेपणा हवाच, पण चाचेही तेच ऐकू शकतात. एलआरआयटीचा संदेश मात्र उपग्रहामार्फत ध्वजराज्याने, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे त्याने, नेमलेल्या माहिती केंद्रात जातो आणि तिथून फक्त हक्कदारांनाच मिळतो. जहाजावर त्यासाठी वेगळा पडदा नसतो. अनेकदा संकटसंदेशांसाठी बसवलेला इन्मारसॅट-सी हा उपग्रह-संपर्क संचच हे काम करतो आणि वॉचवरच्या अधिकाऱ्याला संदेश गेल्याचे जाणवतही नाही.

हक्कांची ही वाटणी हाच या व्यवस्थेचा गाभा आहे. ध्वजराज्याला आपले जहाज जगात कुठेही पाहता येते. बंदर राज्याला, जहाजाने त्या बंदरात येण्याचा इरादा कळवल्यावर. किनारी राज्याला आपल्या किनाऱ्यापासून १,००० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे १,८५२ किलोमीटरपर्यंत; पण जहाज स्वतःच्या ध्वजराज्याच्या प्रादेशिक समुद्रात असेल तर नाही. सुरक्षेच्या कारणावरून ध्वजराज्य किनारी राज्याला माहिती नाकारूही शकते. खर्च माहिती मागणाऱ्या सरकारचा, जहाजाच्या माथी काही नाही. यावर देखरेख आंतरराष्ट्रीय मोबाइल उपग्रह संघटनेची असते.

ठरलेला क्रम दर सहा तासांनी एक नोंद असा आहे. पंधरा नॉट वेगाचे जहाज तेवढ्यात ९० सागरी मैल पुढे गेलेले असते, म्हणून गरजेनुसार दोन नोंदींमधला वेळ किनाऱ्यावरूनच १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. उलट, स्थान कळवल्याने जहाजाची सुरक्षितता धोक्यात येते असे कप्तानाला वाटले तर तो यंत्र बंद करू शकतो. मात्र ध्वजराज्याला विनाविलंब कळवणे आणि कारण व बंदचा कालावधी लॉगबुकात लिहिणे बंधनकारक आहे.

एक दुबळी बाजू मान्य करायला हवी. स्थान शेवटी उपग्रह-दिशादर्शनावरूनच येते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांचे जीपीएस त्यांना जमिनीवर, विमानतळाजवळ दाखवू लागले होते. असे खोटे संकेत यंत्राने खरे मानले, तर चुकीचे स्थानही तितक्याच शिस्तीने पाठवले जाते.

शोध व बचाव कार्यासाठी ही माहिती मोफत मिळते, आणि व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच. बुडत्या नौकेची हाक आली की बचाव केंद्र त्या भागातील जहाजांची स्थाने मागवते. शेवटची नोंद पाच तास जुनी असली तर जहाजाला नव्याने स्थान विचारता येते, आणि जहाजावर कोणी बटणाला हात न लावता उत्तर येते.